किडींचे प्रजनन व पर्यावरण

पिके, साठविलेले धान्य, वने व जनावरे यांना उपद्रव देणाऱ्या कीटकांना सामान्यतः किडी म्हणतात. किडींची संख्या किती वाढेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : एका मादीने घातलेल्या अंड्यांची संख्या, अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार होण्यास लागणारा काळ म्हणजेच पिढीचा काळ आणि त्या काळात जगून उरणाऱ्या संततीचे प्रमाण. तापमान, आर्द्रता, पाऊस, दिवसाची लांबी, अन्न, गर्दी व नैसर्गिक शत्रू हे पर्यावरणीय घटक या तिन्ही गोष्टींवर परिणाम करतात. कीड एकाएकी उद्‌भवली असे शेतकऱ्यास वाटते, तेव्हा बहुधा ती कित्येक आठवडे अनुकूल परिस्थितीत निमूटपणे वाढत आलेली असते. ही परिस्थिती कोणती व ती कशी कार्य करते हे माहीत असल्यास किडीचा उद्रेक आधी ओळखता येतो. म्हणून या विषयाला शेतीच्या दृष्टीने फार महत्त्व आहे.

संख्यावाढीचे गणित : एखाद्या किडीची मादी ५०० अंडी घालते व संततीत नर आणि मादी यांचे प्रमाण सारखे आहे असे मानू. या ५०० पैकी केवळ एक नर व एक मादी प्रौढावस्थेस पोहोचली, तर किडीची संख्या आहे तेवढीच राहते. म्हणजे संख्या स्थिर राहण्यासाठी ९९.६ टक्के संततीचा नाश व्हावा लागतो. हवामानातील एखाद्या बदलामुळे मृत्यूचे प्रमाण ९९.२ टक्क्यांवर आले, तर दोनांऐवजी चार कीटक जगतात व प्रत्येक पिढीत संख्या दुप्पट होते. हा फरक वरवर नगण्य दिसतो. परंतु पाच पिढ्यांअखेर किडीची संख्या मूळच्या ३२ पट झालेली असते. त्यातच पिढीचा काळ कमी होऊन एका हंगामात पाचांऐवजी सात पिढ्या झाल्या, तर हीच वाढ १२८ पट होते. पर्यावरणातील लहानशा फेरफाराने किडीचा मोठा उद्रेक का होतो, याचे उत्तर या गणितात आहे.

तापमान : पक्षी व सस्तन प्राणी यांच्याप्रमाणे कीटकांना आपल्या शरीराचे तापमान कायम राखता येत नाही, ते भोवतालच्या तापमानाप्रमाणे कमीजास्त होते. शरीरातील सर्व रासायनिक विक्रिया एंझाइमांच्या द्वारे होत असल्यामुळे तापमान वाढले की, ठराविक मर्यादेपर्यंत त्यांचा वेग वाढतो. त्यामुळे अंडी लवकर उबतात, अळ्या अधिक खातात व लवकर वाढतात आणि कोशावस्था लवकर संपते. प्रत्येक जातीच्या बाबतीत एक किमान तापमान असे असते की, त्याखाली वाढ जवळजवळ थांबते. याला वाढीचा उंबरठा म्हणतात. या उंबरठ्याच्या वर जितके अंश तापमान जितके दिवस मिळते त्यांच्या गुणाकाराला अंश-दिवस म्हणतात व एक पिढी पूर्ण होण्यास लागणाऱ्या अंश-दिवसांची संख्या त्या जातीपुरती साधारणपणे ठराविक असते. सजीवाच्या वाढीचा संबंध साठत जाणाऱ्या उष्णतेशी असतो ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये मांडली होती.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत व २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. तिच्या वाढीचा उंबरठा सु. १२.५° से. असून अंड्यापासून पतंग तयार होण्यास सु. ३९० अंश-दिवस लागतात. यावरून १८° से. तापमानात तिला सु. ७१ दिवस, २५° से. तापमानात सु. ३१ दिवस व ३२° से. तापमानात केवळ सु. २० दिवस लागतात असे दिसते. म्हणजे ज्या काळात थंड प्रदेशात तिची एक पिढी पूर्ण होते, त्याच काळात उष्ण प्रदेशात तीन पिढ्या होऊन जातात. या किडीला हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाता येत नाही. त्यामुळे कडक थंडीच्या प्रदेशात ती टिकत नाही व तेथे दर वर्षी उबदार प्रदेशातून नव्याने येते. भारताच्या बऱ्याच भागांत मात्र हवामान उबदार असल्याने व मका कोठे ना कोठे उभा असल्याने तिला वर्षभर प्रजनन करता येते.

तापमान वाढेल तितके प्रजनन वाढतच जाते असे मात्र नाही. प्रत्येक जातीची एक इष्टतम तापमानमर्यादा असते व बऱ्याच किडींच्या बाबतीत ती २५° ते ३२° से. च्या दरम्यान आढळते. त्यापलीकडे वाढीचा वेग काही काळ टिकला, तरी मादीचे आयुष्य कमी होते, ती कमी अंडी घालते व त्यांपैकी अनेक उबत नाहीत. जीव जाण्याइतकी उष्णता नसतानाही प्रजननक्षमता नष्ट होऊ शकते व तिचा फटका बहुधा नरास आधी बसतो. तांबड्या पीठ भुंगेऱ्यावर इंग्लंडमध्ये केलेले व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. त्यांत पाच दिवसांच्या उष्ण लाटेनंतर नरांपासून होणारी संतती सु. निम्म्यावर आली व दुसऱ्या लाटेनंतर नर जवळजवळ वंध्य झाले. माद्यांच्या प्रजननक्षमतेवर प्रत्यक्ष परिणाम दिसला नाही. मात्र समागमानंतर त्यांच्या शरीरात साठविलेल्या शुक्राणूंना इजा पोहोचली. भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या शरीरात यीस्टसारखे सहजीवी सूक्ष्मजीव असतात व त्यांच्यावाचून तुडतुड्यांची वाढ नीट होत नाही. सु. ३५° से. तापमानात हे सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर कमी होतात. अशा प्रकारे उष्णतेचा परिणाम कधी कधी किडीवर प्रत्यक्ष न होता तिच्या सहजीवींमार्फत होतो.

थंडीचा परिणाम जातीप्रमाणे वेगवेगळा होतो. उष्ण प्रदेशातील किडी थंडीत अंडी घालणे थांबवितात, तर मोहरीवरील मावा थंड व ढगाळ हवेतच झपाट्याने वाढतो आणि उन्हाळा सुरू होताच दिसेनासा होतो. म्हणून तापमानाचा परिणाम सांगताना तो कोणत्या जातीवर व तिच्या जीवनचक्रातील कोणत्या अवस्थेवर, हे सांगणे आवश्यक असते. शिवाय वेधशाळेत नोंदले जाणारे तापमान व किडीस प्रत्यक्ष लाभणारे तापमान यांत फरक असतो. पानाची खालची बाजू, दाट पिकाचा बुंधा, बोंडाचा अंतर्भाग किंवा जमिनीतील काही सेंमी. खोली या ठिकाणचे सूक्ष्म हवामान बाहेरील हवेपेक्षा बरेच सौम्य असू शकते.

आर्द्रता व पाऊस : कीटकांचे शरीर लहान असल्यामुळे वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो व शरीरातील पाणी लवकर उडून जाण्याचा धोका असतो. अंडी व नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या या बाबतीत विशेष नाजूक असतात. काही जातींची अंडी तर भोवतालचे पाणी शोषून घेतल्याशिवाय उबतच नाहीत.

पावसाशी प्रजननाचा काळ किती घट्ट जुळलेला असतो हे हुमणीवरून दिसते. ऊस, भुईमूग, ज्वारी इ. पिकांची मुळे खाणाऱ्या या अळीचे प्रौढ भुंगेरे जमिनीत दडून असतात. मे-जूनमध्ये वळवाचे किंवा मोसमी पावसाचे पहिले चांगले पाणी पडून जमीन भिजली की, ते संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर इ. झाडांवर जमतात, तेथे पाला खातात व त्यांचे मीलन होते. त्यानंतर माद्या ओल्या जमिनीत अंडी घालतात. या किडीची वर्षात एकच पिढी होते. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या थोड्या दिवसांत झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून नष्ट केले, तर पुढील सर्व पिढीस आळा बसतो. ती संधी हुकली की अळ्या जमिनीत शिरतात व मग त्यांचे नियंत्रण अवघड होते.

वाळवंटी टोळाची मादी आपली अंडी ओल्या रेताड जमिनीत सु. १० ते १५ सेंमी. खोलीवर घालते. या अंड्यांना वाढीसाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषून घ्यावे लागते आणि पिले बाहेर आल्यावर त्यांना कोवळी हिरवळ लागते. या दोन्ही गोष्टी वाळवंटात पावसावाचून मिळत नाहीत. मे व ऑक्टोबर २०१८ मध्ये अरबी द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात मेकुनू व लुबान ही दोन चक्रीवादळे आली. तेथील निर्जन वाळवंटात त्यांच्या पावसाने ओल व हिरवळ निर्माण होऊन टोळांच्या लागोपाठ तीन पिढ्या कोणाच्या ध्यानात न येता वाढल्या. अनुकूल परिस्थितीत टोळांची संख्या एका पिढीत सु. २० पट होऊ शकते. म्हणजे तीन पिढ्यांत ती सु. ८,००० पट होते. या प्रजननातून निघालेल्या टोळधाडी पुढे पूर्व आफ्रिका, इराण व पाकिस्तान या भागांत पसरल्या आणि मे २०२० मध्ये राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून विदर्भातील अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांपर्यंत आल्या. शेतावर दिसलेल्या धाडीचे मूळ अशा रीतीने सु. दोन वर्षांपूर्वी व हजारो किमी. दूर पडलेल्या पावसात होते.

साठविलेल्या धान्यातील किडींना पाणी मुख्यतः दाण्यातील ओलाव्यापासून मिळते. तांदूळ, गहू व ज्वारी यांतील सोंडे किड्यांची वाढ सु. २६° ते ३१° से. तापमानात उत्तम होते, परंतु दाण्यातील ओलावा १० टक्क्यांहून कमी असल्यास त्यांचे प्रजनन जवळजवळ थांबते. धान्य कडक उन्हात वाळवून कोरडे साठविण्याच्या परंपरागत पद्धतीस अशा प्रकारे शास्त्रीय आधार आहे. याउलट खापरा भुंगेरा अत्यंत कोरड्या धान्यातही वाढू शकतो व ३३° ते ३७° से. तापमान त्यास मानवते. प्रतिकूल परिस्थितीत त्याच्या अळ्या फटींमध्ये शिरून दीर्घकाळ निष्क्रिय राहतात. म्हणून त्याच्या बाबतीत केवळ धान्य वाळविणे पुरत नाही. कोठाराच्या भिंती व जमीन यांतील फटी बुजविणेही आवश्यक असते.

पाऊस नेहमीच किडीस उपकारक असतो असेही नाही. जोराच्या सरींनी मावा, फुलकिडे व लहान अळ्या पानांवरून धुऊन जातात. पावसात मोठा खंड पडल्यास फुलकिडे वाढतात, तर सतत दमट हवा राहिल्यास अळ्यांवर कवकजन्य रोग पसरून त्यांचा मोठ्या प्रमाणावर नाश होतो. सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्या दमट हवामानात पांढऱ्या किंवा हिरवट बुरशीने मरून पानांना चिकटलेल्या आढळतात, त्या या रोगामुळेच.

प्रकाश व दिवसाची लांबी : तापमान व पाऊस वर्षावर्षाला बदलतात, परंतु एखाद्या ठिकाणी ठराविक तारखेस दिवसाची लांबी दर वर्षी तीच असते. त्यामुळे पुढे येणाऱ्या ऋतूची खात्रीची सूचना म्हणून अनेक कीटकांच्या शरीरक्रिया तिच्याशी जुळलेल्या आहेत. दिवसाच्या लांबीमुळे कीटकांच्या प्रजननाचा प्रकार बदलतो हे अमेरिकन शास्त्रज्ञ मार्कोविच यांनी १९२३ मध्ये माव्यावरील प्रयोगांनी दाखविले. समशीतोष्ण प्रदेशात उन्हाळ्यातील मोठ्या दिवसांत माव्याच्या माद्या नराशी संयोग न होताच पिलांना जन्म देतात. जन्मणाऱ्या पिलाच्या शरीरात पुढील पिढीच्या भ्रूणांची वाढ आधीच सुरू झालेली असते व ते अनेकदा आठदहा दिवसांत प्रसूतिक्षम होते. शरद ऋतूत दिवस लहान झाले की नर व मादी अशी संतती निर्माण होते आणि त्यांच्यापासून हिवाळ्यात टिकणारी अंडी तयार होतात. उष्ण प्रदेशात मात्र माव्याच्या पुष्कळ जातींत नर क्वचितच आढळतात व वर्षभर केवळ माद्यांपासूनच प्रजोत्पादन चालते.

प्रतिकूल ऋतू येण्यापूर्वीच वाढ व प्रजनन थांबवून निष्क्रिय होण्याच्या अवस्थेस उपरम किंवा डायापॉज म्हणतात. थंडीमुळे येणारी साधी गुंगी ऊब मिळताच जाते. उपरमाचे तसे नसते. तो हॉर्मोनांच्या नियंत्रणाखाली असतो व ठराविक काळ किंवा विशिष्ट संकेत मिळाल्याशिवाय संपत नाही. प्रौढ माद्यांच्या उपरमात मेंदूच्या मागे असलेल्या ग्रंथींकडून बाल हॉर्मोनाचा स्राव कमी होतो व अंडाशयात अंडी पक्व होत नाहीत.

कापसावरील गुलाबी अथवा शेंदरी बोंडअळी हे उपरमाचे महत्त्वाचे उदाहरण होय. दिवस लहान होऊन रात्री थंड होऊ लागल्या व बोंडातील सरकी पक्व होऊन तिच्यातील पाणी कमी झाले म्हणजे या किडीच्या अनेक अळ्या कोशावस्थेत न जाता सरकीत किंवा जोडसरकीत दडून राहतात. अशा अळ्या कित्येक महिने जिवंत राहतात व पुढील हंगामात त्यांच्यापासून पतंग निघतात. शेत कापसावाचून रिकामे राहिले, तर पाते व बोंडे लागण्यापूर्वी निघालेल्या पतंगांच्या संततीस अन्न मिळत नाही व ती मरते. परंतु पाण्याची सोय असलेल्या शेतात डिसेंबरनंतरही कापूस ठेवून फरदड घेतली, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या किंवा जिनिंग कारखान्यात सरकी उघडी साठविली, तर किडीची साखळी तुटत नाही. भारतात २००२ पासून व दोन जनुकांच्या स्वरूपात २००६ पासून बीटी कापसाची लागवड होऊ लागली. पुढे या अळीत बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाली व २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे तिच्यामुळे मोठे नुकसान झाले. दीर्घ मुदतीचे संकरित वाण व लांबलेला हंगाम यांमुळे प्रतिकारक्षम अळ्यांना जादा पिढ्या वाढविण्यास अवसर मिळाला, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. म्हणून हंगाम वेळेवर संपविणे हा या किडीच्या नियंत्रणातील सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो.

अन्न : अंड्यातील पीतक तयार होण्यासाठी प्रथिने लागतात. त्यामुळे अळीने किंवा प्रौढ मादीने खाल्लेल्या अन्नाच्या गुणवत्तेवर अंड्यांची संख्या अवलंबून असते. नायट्रोजनयुक्त खतांची मात्रा जास्त झाल्यास पाने लुसलुशीत होतात व त्यांच्या रसातील अमिनो अम्लांचे प्रमाण वाढते. मावा, तुडतुडे इ. रस शोषणाऱ्या किडींना हे विशेष मानवते. तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव दाट लावणी, साचलेले पाणी व नायट्रोजनाचा जादा वापर असलेल्या भातखाचरांत अधिक असतो, तो यामुळेच. पतंगांना फुलांतील मध मिळाल्यास ते अधिक काळ जगतात व अधिक अंडी घालतात. एकाच पिकाची विस्तीर्ण व लांबलेली लागवड म्हणजे किडीच्या दृष्टीने अन्नाचा अखंड पुरवठा होय.

गर्दी : संख्या वाढली की कीटकांमध्ये अन्न व जागा यांसाठी स्पर्धा सुरू होते. पीठ भुंगेरे गर्दीत आपलीच अंडी खातात व त्यामुळे वाढीस आपोआप आळा बसतो. इतर काही जातींत गर्दीमुळे स्थलांतर सुरू होते. माव्याच्या वसाहतीत दाटी झाली किंवा झाड सुकू लागले की, पंख असलेल्या माद्या जन्मतात व नव्या झाडांवर जातात. तपकिरी तुडतुड्यांत अन्न मुबलक असताना आखूड पंखांच्या माद्या अधिक निपजतात. त्या उडू शकत नाहीत, पण अंडी लवकर व जास्त घालतात. गर्दी होऊन पीक वाळू लागले म्हणजे लांब पंखांचे तुडतुडे तयार होऊन दूर उडून जातात.

टोळांच्या बाबतीत गर्दीचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. एकएकटे राहणारे व थव्याने राहणारे टोळ ही एकाच जातीची दोन रूपे आहेत, हे युव्हारॉव्ह यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. हिरवळीच्या थोड्या जागेत टोळ एकत्र आले व त्यांच्या मागील पायांना वारंवार स्पर्श होऊ लागला की, काही तासांत त्यांचे वर्तन बदलू लागते. या बदलामागे सेरोटोनीन हे रसायन असल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले. थव्यातील मादी एकट्या मादीपेक्षा कमी अंडी घालते, परंतु ती आकाराने मोठी असतात व त्यांतून निघणारी पिले अधिक कणखर असतात.

नैसर्गिक शत्रू व कीटकनाशके : पर्यावरणीय घटक किडीच्या शत्रूंवरही परिणाम करतात व अनेकदा किडीची संख्या या दोन परिणामांच्या फरकावर ठरते. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा प्रादुर्भाव झाला व तो लवकरच महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या ऊस पट्ट्यांत पसरला. थंड, दमट व ढगाळ हवेत हा मावा संयोगाविना झपाट्याने वाढतो. त्यास खाणारी डायफा ही अळी व मायक्रोमस हा कीटक यांची संख्या वाढल्यावर आणि त्यांचे उसाच्या शेतांत संवर्धन केल्यावर तो बऱ्याच अंशी आटोक्यात आला. कीटकनाशकांच्या अविचारी फवारणीने मात्र असे मित्रकीटक मरतात आणि उरलेल्या किडीस मोकळे रान मिळते. शिवाय काही कीटकनाशकांच्या अपुऱ्या मात्रेमुळे तपकिरी तुडतुड्यांचे प्रजनन वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. या किडीचे उद्रेक फवारण्यांनंतर अधिकच वाढल्यामुळे इंडोनेशियाच्या शासनाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली होती.

घटकांचा एकत्रित परिणाम : किडीची संख्या हवामानामुळे ठरते की अन्न, गर्दी व शत्रू यांच्यामुळे, याविषयी विसाव्या शतकात शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. संख्या वाढेल तसतसा वाढत जाणारा दाबच तिचे नियमन करतो, असे ऑस्ट्रेलियातील निकोल्सन यांनी १९३३ मध्ये प्रतिपादन केले. त्याच देशातील अँड्रेवार्था व बर्च यांनी गुलाबावरील फुलकिड्यांच्या संख्येचा बराचसा चढउतार केवळ हवामानावरून सांगता येतो, असे दाखवून १९५४ मधील आपल्या ग्रंथात हवामानाचे महत्त्व प्रतिपादिले. आज या दोन्ही मतांत तथ्य असल्याचे मानतात. हवामान वाढीचा वेग ठरविते व अन्न, गर्दी आणि शत्रू त्या वाढीस मर्यादा घालतात. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलून मिळालेले निष्कर्ष शेतात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच. ढगाळ हवा आली की कीड वाढते हा शेतकऱ्यांचा अनुभव माव्यासारख्या काही किडींच्या बाबतीत खरा आहे; परंतु केवळ आभाळ भरून आले म्हणून फवारणी करणे योग्य नव्हे, कारण शेतात कीड व तिचे शत्रू किती आहेत हे पाहिल्याविना त्या हवामानाचा परिणाम सांगता येत नाही.

पूर्वानुमान व नियंत्रण : वरील ज्ञानाचा मुख्य उपयोग योग्य वेळ साधण्यासाठी होतो. कामगंध सापळ्यांत किंवा प्रकाश सापळ्यांत पतंग प्रथम आढळल्यापासून अंश-दिवसांची बेरीज करीत गेल्यास अळ्या अंड्यांतून केव्हा बाहेर पडतील याचा अंदाज येतो. बहुतेक औषधे व जैव उपाय लहान अळ्यांवरच परिणामकारक होत असल्याने या अंदाजामुळे एकदोन फवारण्यांत काम भागते. भारतात टोळांवर लक्ष ठेवण्यासाठी १९३९ मध्ये स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. पाऊस, जमिनीतील ओल व उपग्रहांवरून दिसणारी हिरवळ यांच्या आधारे टोळांच्या संभाव्य प्रजननक्षेत्रांचा अंदाज बांधला जातो. विदर्भात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००९-१० पासून पिकांवरील किडींचे सर्वेक्षण करून शेतकऱ्यांना सल्ला देण्याचा प्रकल्प सुरू केला. पेरणीची वेळ बदलणे, उन्हाळी नांगरट करून कोश उघडे पाडणे, किडीचे अन्न काही काळ शेतातून नाहीसे करणे व मित्रकीटकांना आसरा देणे हे सर्व उपाय किडीच्या प्रजननास प्रतिकूल पर्यावरण निर्माण करण्याचेच प्रकार होत.

हवामान बदल : पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत असल्यामुळे या विषयास नवे महत्त्व आले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइन वृक्षांची साल पोखरणारे भुंगेरे पूर्वी कडक हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर मरत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिवाळे सौम्य झाले आणि थंड व उंच भागांत जेथे एका पिढीस दोन वर्षे लागत, तेथे ती एका वर्षात पूर्ण होऊ लागली. त्यातून झालेल्या उद्रेकाची झळ सु. १ कोटी ८० लाख हेक्टर वनांस बसली. जागतिक सरासरी तापमानातील प्रत्येक १° से. वाढीमागे भात, मका व गहू यांचे कीटकांमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यक्त केला आहे. ही वाढ समशीतोष्ण प्रदेशात अधिक असेल, कारण तेथील किडींना आजचे तापमान इष्टतम मर्यादेहून कमी पडते. उष्ण प्रदेशातील अनेक किडी आधीच इष्टतम मर्यादेच्या जवळ असल्याने उन्हाळ्यात त्यांची प्रजननक्षमता घटण्याचाही संभव आहे. मात्र सौम्य झालेल्या हिवाळ्यात त्यांना एखादी जादा पिढी वाढविता येईल. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने पानांतील नायट्रोजनाचे प्रमाण कमी होते व तेवढेच पोषण मिळविण्यासाठी अळ्या अधिक पाने खातात, असेही आढळले आहे. एखाद्या प्रदेशात कोणत्या किडी वाढतील व कोणत्या घटतील हे सरसकट सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक किडीचा उंबरठा, तिची ओलाव्याची गरज, तिच्या उपरमाचे संकेत व तिचे शत्रू यांचा त्या त्या प्रदेशातील अभ्यास आणि शेतातील नोंदी यांची सांगड घालावी लागते.